पंधरा हजार मैल

वर्षाला किती चालवता, ब्रेटने विचारलं
आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून ठेवला.
बाहेर उणे एकोणीस. काचेपलीकडे माझी निळी
इंजिन चालू ठेवूनच उभी.
बंद केली तर परत सुरू होईलच असं नाही,
आणि गाडी विकणाऱ्याच्या दारात
तिची शोभा कशाला करा.

दहा हजारांचा करार सगळ्यात स्वस्त.
बारा हजार, हप्ता जरा वर.
पंधरा, अजून जरा.
त्यावरच्या प्रत्येक मैलाला पंचवीस सेंट.
छत्तीस महिने, मग किल्ली इथे, याच टेबलावर.

आमच्या घरात भाड्याचं कधी काही नव्हतं.
बाबांनी सत्त्याऐंशी साली पिकअप घेतला,
खाणीतला ओव्हरटाइम साठवून, रोख,
आणि गंजाने त्याची जमीन खाल्ली तेव्हा
रस्त्यावरच्या पाटीचा पत्रा खालून ठोकला.
पाटी कुठून आणली, आईने विचारलं नाही.
सीटखाली वाकलं की लाल पत्र्यावर दिसायचं: थांबा.
तो आणखी अकरा वर्षं चालला.

शेजारचे हाल्वरसन दर तीन वर्षांनी नवी ब्यूइक आणायचे.
भाड्याचं तट्टू, बाबा म्हणायचे,
गाडीला म्हणायचे की हाल्वरसनना
ते कधी स्पष्ट झालं नाही.

मी हिशोब मांडला.
शाळेचं स्वयंपाकघर, किराणा, दातांचा डॉक्टर,
चार हजार धरू.
माझं बेमिजी, त्यांचं डुलुथ, मध्ये दीडशे मैल,
जाऊन-येऊन तीनशे.
दर रविवारी गेले तर पंधरा हजार सहाशे.
एक सोडून एक रविवार, सात हजार आठशे.
आणि पुढच्या वर्षी?
त्याच्या पुढच्या?
पेन थोडा वेळ कागदावर तसंच टेकून राहिलं.
शाईचा ठिपका पडला, ब्रेटने पाहिला,
कॉफी हवी का, म्हणाला.

दुसऱ्या पानावर एक आकडा छापलेला होता:
छत्तीस महिन्यांनी गाडीची किंमत,
डॉलर-डॉलरपर्यंत.
हे आत्ताच कसं कळतं, मी विचारलं.
कोष्टकं असतात, मॅडम.
असतील.
डॉक्टर ओकाफोरांकडे नव्हती.
त्या एवढंच म्हणाल्या, ख्रिसमस तर छान गेला ना.

गेल्या रविवारी बाबा खिडकीशी बसले होते,
तिसरा मजला, खाली पार्किंग, पलीकडे गोठलेलं सरोवर.
ती निळी तुझी का?
हो.
फिटली?
केव्हाच, बाबा.
मग ठीक, म्हणाले, आणि माझा हात असा थोपटला
जसा दमलेल्या गाडीचा बॉनेट थोपटतात.
दहा मिनिटांनी परत. ती निळी तुझी का?
जेवण येईपर्यंत चार वेळा फिटली गाडी,
चारही वेळा त्यांना तेवढंच हायसं वाटलं.

न चालवलेल्या मैलांचं काय होतं, मी विचारलं.
काहीच नाही, ब्रेट म्हणाला, पैसे परत मिळत नाहीत.
मग आवाज उतरवून,
बहुधा त्याच्या साहेबाने ऐकू नये म्हणून:
दहाच घ्या. आमच्याकडे बरेच जण
जास्तीचे घेतात आणि गाडी तशीच परत आणतात.
चांगला मुलगा. नवीन असावा.

मी पंधरावर बोट ठेवलं.
महिन्याला एकतीस डॉलर जास्त पडतील.
कळलं.
चार हजार वजा केले तर
महिन्यातले तीन रविवार, छत्तीस महिने.
चौथ्या रविवारी बर्फाचं वादळ असतं
किंवा मलाच सर्दी होते.

सह्या झाल्या, म्हणजे होत आल्या.
पांढरी आजच देतो, तो म्हणाला, मागे तयार उभी आहे.
पांढरी नको.
बर्फात ती तिसऱ्या मजल्यावरून दिसायची नाही.
निळी आहे?
निळी मागवावी लागेल, आठवडा जाईल,
दोनही जातील.

बाहेर माझी गाडी धूर सोडत होती,
आखडलेली, पण चालू.
थांबते, मी म्हटलं.